वावराची वंशावळ

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा किंवा सौंसर तहसिलीतल्या कुठल्याही गावाचा खसरा, म्हणजे वावरांची नोंदवही, उघडला, की साध्या नंबरांच्या रांगेत काही लांबलचक नंबर दिसतात. समजा 112/1/क, 112/1/ख आणि 112/2. पटवारी यांना बटा नंबर म्हणतो. मुळात 112 हे एकच वावर होतं. त्याचे दोन तुकडे झाले आणि त्यातल्या पहिल्या तुकड्याचे पुन्हा दोन. बहुतेक वेळा त्यामागे एक घर असतं. दोन भाऊ वेगळे झाले, मग थोरल्याची मुलं वेगळी झाली, आणि प्रत्येक वेळी एक नवा धुरा पडला. कधीकधी तुकडा वाटणीनं नाही तर विक्रीनं पडलेला असतो, म्हणून नुसत्या आकड्यावरून नातं ठरवता येत नाही. पण कोणत्या पिढीत काय झालं हे कुणाला विचारायचं, ते हा आकडा सांगतो.

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा हा भाग कापसाचा आणि संत्र्यांचा. कारभार हिंदीतून चालतो, घरात आणि बाजारात मराठी. सोयरिक काटोल, नरखेड, वरूड, सावनेरकडे. इथल्या अनेक घरांत जमिनीची गोष्ट तोंडी चालत आली आहे: आपण मूळचे अमुक गावचे, खापरपणजोबा इकडे आले, त्यांनी वावर घेतलं. ही गोष्ट कागदावर पाहायची इच्छा झाली, की माणूस साहजिकच ‘पहिलं खरेदीखत’ शोधायला लागतो. माझं म्हणणं असं, की या मुलखात ते बहुतेक घरांना मिळणार नाही, कारण ते कधी झालेलंच नव्हतं. इथली मालकी खरेदीतून सुरू झाली नाही. ती 1860 च्या दशकात सरकारी बंदोबस्ताच्या, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्याच्या, एका नोंदीतून सुरू झाली. म्हणून शोधायची ती नोंद. तिच्यात कुणाचं नाव आलं आणि कुणाचं राहून गेलं, हे कळल्याशिवाय घराच्या जमिनीचा इतिहास कळत नाही.

तुलनेसाठी सांगायचं, तर अमेरिकेत ज्यांना आपल्या पूर्वजांची जमीन शोधायची असते, त्यांचं काम एका अर्थी सोपं असतं. 1785 च्या भूमी अध्यादेशानुसार तिथल्या सरकारनं पश्चिमेकडचा मुलूख सहा मैल लांबीरुंदीच्या चौकोनांत आखला. प्रत्येक चौकोनाचे 36 भाग आणि प्रत्येक भाग 640 एकरांचा. सरकारनं पहिल्या खातेदाराला सनद दिली, आणि तिथून पुढे प्रत्येक विक्रीचं खत परगण्याच्या कचेरीत नोंदलं गेलं. पण ही चौकट येण्याआधी ज्या भागात वस्ती झाली, तिथे गोंधळच होता. केंटकीत हद्दी झाडं, दगड आणि ओढे सांगून लिहिल्या जात. एकाच जमिनीवर तीन-तीन दावे उभे राहत. अब्राहम लिंकन यांचे वडील थॉमस यांना अशाच दाव्यांमुळे केंटकीतल्या शेतांवर पाणी सोडावं लागलं, आणि 1816 मध्ये कुटुंब इंडियानात गेलं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या त्याच मुलानं 1862 मध्ये होमस्टेड कायद्यावर सही केली. पाच वर्षं जमीन कसणाऱ्याला 160 एकर देणारा हा कायदा. तिकडे हा कायदा झाला, त्याच्या आदल्याच वर्षी, 1861 च्या नोव्हेंबरात, इकडे मध्य प्रांत स्थापन झाला होता. छिंदवाडा जिल्हा त्यात होता आणि सौंसर-पांढुर्ण्याचा पट्टा छिंदवाड्यात.

दोन्हीकडे वस्ती वाढवणाऱ्या सत्तेनं जमीन मोकळी असल्याचं धरून चालवलं, आणि दोन्हीकडे ती मोकळी नव्हती. हा मुलूख देवगडच्या गोंड राज्याचा. सतराव्या शतकाच्या शेवटी देवगडच्या बख्त बुलंद शाहानं बाहेरून शेतकरी आणि कारागीर बोलावले. 1702 च्या सुमारास नागपूर त्यानंच वसवलं. मराठी कुणबी आणि इतर शेतकरी जाती या पट्ट्यात येण्याचा ओघ तेव्हापासूनचा आणि त्यानंतरच्या भोसल्यांच्या काळातला. देवगडच्या वारसांच्या भांडणात रघुजी भोसले उतरले आणि अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोंड राजा नावापुरता उरला. पडीक गाव वसवायला येणाऱ्याला मराठी राजवटीत कौल मिळे. सुरुवातीची वर्षं सारा कमी, मग दरवर्षी थोडा चढता. पण कौल म्हणजे सारा वसुलीचा करार होता, मालकीचा कागद नव्हता. गावाचा पाटील सरकारशी ठराविक मुदतीचा करार करी आणि साऱ्याची जबाबदारी घेई. तो कमी पडला, तर गाव दुसऱ्याच्या हाती जाई. नागपूरचे रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांनी 1827 मध्ये या राज्याचा सविस्तर अहवाल लिहिला, त्यात ही रचना दिसते.

नागपूरचे भोसले राजे रघुजी तिसरे 1853 च्या डिसेंबरात वारले, औरस वारस नव्हता, आणि 1854 मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं. मग इंग्रजांसमोर प्रश्न आला, की या गावांचा मालक कोण. त्यांना सारा भरायला एक निश्चित माणूस हवा होता. उत्तर हिंदुस्थानातला अनुभव ताजा होता. तेव्हा गावाच्या कराराचा धनी असलेल्या माणसाला त्यांनी मालक ठरवलं, आणि हाच मालगुजार. इंग्रज अधिकारी बेडन-पॉवेल यांनी 1892 मध्ये हिंदुस्थानातल्या जमीन पद्धतींवर तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. मध्य प्रांतातले मालगुजार सरकारनं घडवलेले मालक आहेत, हे त्यांनी त्यात स्पष्ट मांडलं. बंदोबस्ताच्या वर्षी ज्याच्या हाती गाव होतं त्यालाच गाव मिळालं. कुणाकडे ते पिढ्यान् पिढ्या पाटील म्हणून होतं, कुणाकडे थोड्याच वर्षांपूर्वी साऱ्याच्या बोलीनं आलेलं, कुणाकडे कर्जापोटी. कागदात हे सगळे सारखेच मालगुजार दिसतात. घरात ‘आम्ही इथले मालगुजार’ असं सांगितलं जातं, तेव्हा त्यामागे पिढ्यान् पिढ्यांची पाटिलकीही असू शकते किंवा दहा वर्षांची सावकारीही.

ज्यांनी झाडोरा तोडून वावरं केली, विहिरी खणल्या, ते शेतकरी या नव्या मालकाची कुळं ठरले. सगळे सारखे नाहीत. बंदोबस्त अधिकाऱ्यांनाही दिसत होतं, की काही शेतकऱ्यांचा हक्क नव्या मालकाच्या हक्काहून जुना आहे. म्हणून पायऱ्या केल्या गेल्या. काहींना आपल्या तुकड्याची स्वतंत्र मालकी मिळाली, ते मलिक-मकबुजा. काहींना पूर्ण मौरूसी हक्क मिळाला, त्यांचा लगान बंदोबस्ताच्या मुदतीत वाढवता येत नव्हता. त्याखाली साधे मौरूसी कुळ, त्याखाली साधारण कुळ. मालगुजाराच्या घरची खास जमीन ती सीर आणि त्यानं स्वतः कसलेली ती खुदकाश्त. आज जुनी मिसल, म्हणजे बंदोबस्ताच्या नोंदींचं बाड, हाती आली, तर आजोबांच्या नावासमोर यातलं कोणतं लेबल आहे ते आधी बघा. नाव असणं वेगळं आणि कोणत्या नात्यानं असणं वेगळं. याच लेबलावर अवलंबून होतं, की ते घर वावर विकू शकत होतं का, गहाण टाकू शकत होतं का, आणि मालगुजार त्यांना उठवू शकत होता का.

मालगुजारी घरांच्या कागदांत वंशावळ आणखी एका मार्गानं सापडते. गावाची मालकी सोळा आण्यांत मोजली जाई. तीन भाऊ असले, की प्रत्येकी पाच आणे चार पै. त्यातल्या एकाचे दोन मुलगे, तर प्रत्येकी दोन आणे आठ पै. एखाद्या जुन्या नोंदीत ‘दोन आणे आठ पै’ एवढंच लिहिलं असलं, तरी मागे तीन भाऊ आणि एका शाखेत दोन मुलगे असावेत, असा अंदाज करता येतो. असे हिस्सेदार अनेक झाले, की सरकारशी व्यवहार करायला एक लंबरदार नेमला जाई. घराण्यात आजही ‘लंबरदार’ हे आडनावासारखं चिकटलेलं असेल, तर ते बहुधा इथून आलेलं आहे.

मोजणीबद्दलही सांगायला हवं, कारण नकाशा हा या सगळ्या कागदांत मला सर्वांत बोलका वाटतो. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञानं 1620 मध्ये 66 फुटांची, शंभर कड्यांची साखळी काढली. दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर, ऐंशी साखळ्या म्हणजे एक मैल. अमेरिकेचा पश्चिम मुलूख याच साखळीनं आखला गेला आणि मध्य प्रांतातली गावंही. इथे तिला जरीब म्हणत. पटवाऱ्याचा गावनकाशा सोळा इंचांना एक मैल या प्रमाणाचा असे, म्हणजे नकाशावरचा एक इंच पाच साखळ्यांचा. पण अमेरिकेत आधी सरळ रेघा आखल्या आणि मग माणूस आला. इथे माणूस आधी आला होता. म्हणून सौंसर-पांढुर्ण्याच्या गावनकाशांत सरळ रेघा क्वचित दिसतात. धुरे नाल्याच्या वळणानं जातात, पांदण वाकडी फिरते, गावठाणाजवळची वावरं लहान आणि दाट, बरडाकडची मोठी. जमिनीची प्रतही लिहिली जाई: काळी, मोरंड, खरडी, बरडी. एखाद्या घराची सगळी जमीन बरडीत असेल, तर ते घर गावात उशिरा आलं असावं किंवा पडत्या काळात चांगली जमीन गमावून बसलं असावं. अशी शंका घ्यायला जागा असते, मात्र दुसऱ्या कागदांनी ती पडताळून पाहायला हवी.

पहिला बंदोबस्त चालू असतानाच अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. 1861 ते 1865 या काळात तिथला कापूस मँचेस्टरला मिळेना, आणि मुंबईतल्या कापसाचे भाव कधी नव्हे इतके चढले. नागपूर-वऱ्हाडच्या काळ्या मातीची किंमत एकाएकी वाढली. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. आता गणित बघा. जमिनीला भाव आला, आणि नेमक्या त्याच वर्षांत ती विकता-गहाण टाकता येणारी वस्तू झाली. सावकाराला आता पिकाऐवजी वावरच तारण मिळालं. युद्ध संपलं, भाव पडले, कर्ज राहिलं. मग 1896-97 आणि 1899-1900 चे दोन दुष्काळ आले. मध्य प्रांतात या काळात गावं आणि वावरं कर्जापोटी मोठ्या प्रमाणावर हस्तांतरित झाली. घरातल्या जुन्या पेटीत गहाणखतं खरेदीखतांपेक्षा जास्त सापडतात, त्याचं कारण हेच. पुढे 1933 मध्ये मध्य प्रांतानं कर्ज समेट कायदा केला आणि समेट मंडळं नेमली. एखाद्या घराच्या बस्त्यात त्या मंडळाचा निकाल निघाला, तर तो जपून ठेवा. त्यात त्या वेळची जमीन, कर्ज आणि घरातली माणसं, सगळं एका जागी येतं.

मालगुजाराचं गाव गेलं, तरी त्याच्या सीर जमिनीवर त्याचा मौरूसी हक्क कायद्यानं राही, तो स्पष्टपणे आणि परवानगीनं सोडलेला नसेल तर. म्हणून काही घरांत चमत्कारिक वाटणारी आठवण सांगतात: गाव विकलं गेलं, पण वावर आपणच वाहत राहिलो. ती आठवण खरी असू शकते.

खतांची नोंदणी ही या शोधातली दुसरी मोठी वाट. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीशिवाय होत नाही असं ठरवलं. आज चालतो तो नोंदणी कायदा 1908 चा. उपनिबंधकाच्या कचेरीत स्थावराच्या दस्तांसाठी पुस्तक क्रमांक 1 असतं आणि त्याला दोन सूच्या, एक माणसांच्या नावांची, दुसरी जमिनीची. याच कायद्याच्या कलम 57 प्रमाणे हे पुस्तक आणि त्याच्या सूच्या कुणीही फी भरून पाहू शकतो, नक्कल घेऊ शकतो. तुमचा त्या जमिनीशी संबंध असलाच पाहिजे अशी अट नाही. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. मध्य प्रदेशात 2015 पासून नोंदणी संगणकावर होते, त्याआधीचं सगळं जाड खंडांमध्ये आहे.

खतांमध्ये विक्रीपेक्षा वाटणीपत्रं वाचण्यात मला जास्त मोल वाटतं. विक्रीत दोन माणसं आणि एक किंमत असते. वाटणीपत्रात अख्खं घर असतं. विहिरीच्या पाण्याची पाळी कुणाची कोणत्या दिवशी, धुऱ्यावरच्या आंब्याचा हिस्सा किती, गोठ्यातून जायची वाट कुणाला, म्हाताऱ्या आईच्या पोटगीला किती जोंधळा आणि कुणी द्यायचा. संत्र्याच्या बागा आल्यावर झाडं मोजून वाटलेली दिसतात. दत्तकपत्रही असंच. कोणत्या भावाचा मुलगा कुणाच्या घरी गेला, त्यामुळे वंशावळीतली एक फांदी दुसरीकडे कशी गेली, हे त्याशिवाय उलगडत नाही. अर्थात अनेक वाटण्या तोंडी झाल्या. पंचांसमोर दगड टाकले आणि संपलं. त्यांचा माग मग फक्त खसऱ्यातल्या बटा नंबरात उरतो.

आता बायकांविषयी. या सगळ्या कागदांत त्या क्वचित येतात, आणि आल्या तर बहुतेक ‘बेवा’ म्हणून, म्हणजे कुणाची तरी विधवा म्हणून. जुन्या कायद्यात विधवेला नवऱ्याची जमीन हयातीपुरती मिळे. मुलीच्या बाबतीत मात्र मराठी घरांसाठी एक महत्त्वाचा फरक होता. मुंबई संप्रदायाच्या हिंदू कायद्यात मुलगा नसलेल्या बापाची मिळकत मुलीला पूर्ण मालकीनं येई. उत्तरेत चालणाऱ्या बनारस संप्रदायात ती फक्त हयातीपुरती. मग दक्षिणेतून मध्य प्रांतात येऊन राहिलेल्या घराला कोणता कायदा लावायचा? 1920 मध्ये बळवंतराव विरुद्ध बाजीराव या दाव्यात, मध्य प्रांतात स्थायिक झालेल्या एका महाराष्ट्रीय ब्राह्मण कुटुंबाबद्दल हाच प्रश्न लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे आला. निकाल असा, की घर आपला कायदा बरोबर घेऊन येतं. तो सोडल्याचं सिद्ध होईपर्यंत तोच लागू. त्यामुळे सातपुड्याच्या पायथ्याच्या या पट्ट्यात शेजारशेजारच्या दोन घरांना, एक दक्षिणेतून आलेलं आणि एक उत्तरेतून, वारसाचे वेगळे नियम असू शकत होते.

1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं हा भेद संपवला आणि 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला. 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की त्यासाठी 2005 मध्ये वडील जिवंत असणं आवश्यक नाही. तरीही गावोगावच्या फौती नोंदींत, म्हणजे मृत्यूनंतर वारस लावण्याच्या नोंदींत, मुलींची नावं गळतात. किंवा येतात आणि महिन्याभरात हक्कत्यागानं निघून जातात. बहीण खुशीनं सोडते, असं सांगितलं जातं. कधी ते खरंही असतं. पण तिला विचारलं गेलं होतं का, हे कागद सांगत नाही, आणि ज्या घराला आपला इतिहास खरा लिहायचा आहे त्यानं तरी हे विचारायला हवं.

दुसरी मोठी गळती गोंडांची. ज्यांच्या राजाच्या नावानं हा मुलूख ओळखला जाई, त्यांच्या जमिनी कर्जापोटी इतक्या वेगानं गेल्या, की 1916 मध्ये मध्य प्रांत सरकारला आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरणावर बंधनं घालणारा स्वतंत्र कायदा करावा लागला. आजही मध्य प्रदेश भूराजस्व संहितेचं कलम 165 त्याच हेतूचं आहे. आपल्या घराच्या वावराच्या नोंदी मागे नेत गेलं, तर एखाद्या पायरीवर गोंड नाव लागू शकतं. ते लागलं तर वंशावळीच्या वहीत तेही लिहावं. वावराचा इतिहास आपल्या घरापुरता सुरू होत नाही.

31 मार्च 1951 या तारखेला मालगुजारी संपली. मध्य प्रदेशानं केलेल्या स्वामित्व हक्क निर्मूलन कायद्यानं गावं सरकारात जमा झाली. मालगुजाराकडे त्याची घरची जमीन उरली. पडीक, जंगल, तलाव, गोठाण, आखर सरकारचे झाले. गावकऱ्यांचे चराईचे, सरपणाचे, वाटेचे हक्क निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये लिहिले गेले. मग नव्यानं हक्कनोंद झाली. 1954-55 चे अधिकार अभिलेख म्हणतात ते हेच, आणि आज कुणालाही मागचा माग काढायचा असेल तर हा सर्वांत भक्कम मधला टप्पा आहे. 2 ऑक्टोबर 1959 पासून नवी भूराजस्व संहिता लागू झाली, आणि जुनी सगळी लेबलं जाऊन खातेदार भूमिस्वामी झाला.

गावठाणातली घरं मात्र या सगळ्यातून सुटली. आबादीला एकच खसरा नंबर, आत कुणाचं घर कुठे याची नोंद नाही. वावराचे चार पिढ्यांचे कागद असलेल्या माणसाकडे स्वतःच्या वाड्याचा एकही कागद नसतो, तो यामुळे. एप्रिल 2020 मध्ये केंद्र सरकारनं स्वामित्व योजना सुरू केली, ड्रोननं आबादी मोजून घरांची मालमत्ता पत्रं देण्यासाठी. मध्य प्रदेश तिच्या पहिल्या राज्यांत होता.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नव्यानं आखली गेली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिले. तोपर्यंत राजधानी नागपूर होती, उच्च न्यायालयही नागपुरातच होतं. म्हणून या भागाच्या जुन्या अपिलांचे निकाल नागपूरच्या निकालपत्रांत शोधावे लागतात, आणि जुन्या प्रांताच्या सचिवालयाचे कागद नागपूरच्या विदर्भ अभिलेखागारातही आहेत. गावच्या मिसली छिंदवाड्याच्या जिल्हा अभिलेखागारात विचाराव्या लागतात, कारण पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला तो ऑक्टोबर 2023 मध्ये. सीमा पडली तरी नोंदींचं कूळ एक राहिलं. नरखेडच्या नातेवाइकाकडे आज सातबारा असतो आणि पांढुर्ण्याच्या माणसाकडे खसरा आणि बी-1, पण मागे गेलं की दोघेही बंदोबस्त मिसल, अधिकार अभिलेख आणि कोतवाल बुक याच नावांवर पोहोचतात. महाराष्ट्रात 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा या जुन्या कागदांकडे पुन्हा लोकांचं लक्ष गेलं. आणखी एक उदाहरण घ्या. मालगुजारांच्या जुन्या पडिकाची नोंद इकडे ‘छोटे झाड का जंगल’ अशी राहिली आणि तिकडे ‘झुडपी जंगल’ अशी. विदर्भातल्या सुमारे 86 हजार हेक्टर झुडपी जंगलाचा वाद 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, आणि त्याची मुळं याच जुन्या प्रांताच्या दप्तरात होती.

ज्यांना प्रत्यक्ष शोध घ्यायचा आहे, त्यांनी आजपासून मागे जावं. एमपी भूलेखवरचा चालू खसरा, मग 1954-55 चा अभिलेख, मग विसाव्या शतकाच्या आरंभीच्या बंदोबस्ताची मिसल, आणि शेवटी 1860 च्या दशकातली ती पहिली नोंद. दर बंदोबस्तात नंबर बदलले आहेत, म्हणून नव्या-जुन्या नंबरांचा मेळ आधी घाला, नाहीतर दुसऱ्याच्या वावराची वंशावळ हाती येईल. क्षेत्रफळानं गोंधळू नका. घरात ‘पाच एकर’ म्हणतात ते आजच्या नोंदीत 2.023 हेक्टर असतं. नावांचं लेखन हिंदीत वेगळं होतं, आणि आडनाव जुन्या नोंदीत बहुधा नसतंच. नाव, बापाचं नाव, जात आणि गाव एवढंच असतं. म्हणून कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी सोबत लागतात.

आणि एक गोष्ट मनात पक्की धरावी. खसऱ्यात नाव चढलं म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं नाही. मध्य प्रदेशातल्याच एका मृत्युपत्राच्या वादात, सप्टेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा बजावलं, की नामांतरण सारा वसुलीसाठी असतं, त्यानं हक्क मिळत नाही किंवा जात नाही. हक्काचा वाद दिवाणी न्यायालयातच सुटतो. उलट तीस वर्षांहून जुना आणि योग्य ताब्यातून आलेला मूळ दस्त न्यायालय खरा धरू शकतं. घरातला मूळ कागद म्हणूनच मोलाचा. तो लॅमिनेट करू नका, त्यानं मागची नोंद आणि शिक्के तपासणं कठीण होतं. कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मोडीतला असेल तर नागपूर किंवा पुण्यातल्या जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. मोडी वाचणारी जुनी पिढी आता फारशी उरलेली नाही, त्यामुळे हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखं नाही.

शेवटी एवढीच विनंती. तुमच्या घरात पुढची फौती नोंद होईल, तेव्हा अर्जात सगळ्या बहिणींची नावं आपणहून लिहा.